बेळगाव-खानापूर-चिकोडीकडच्यांसाठी जिओकेमिस्ट्री: गावचा दगड, माती आणि बोअरचं पाणी कसं वाचायचं

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आला की आपल्याकडं लोक एकच आकडा बघतात, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) किती, आणि मग आरओ बसवायचा का नको यावर घरात चर्चा. बाकीचे दहा-बारा आकडे तसेच फाइलीत पडून राहतात. त्या आकड्यांत गावाखाली कुठला खडक आहे, पाणी त्यातनं कसं मुरत आलंय, शेतातलं खत विहिरीत उतरतंय का, हे सगळं असतंय की, फक्त ते वाचता यायला पाहिजे, आणि ते वाचायला जी शाखा लागते ती जिओकेमिस्ट्री, म्हणजे दगड-माती-पाण्याची केमिस्ट्री. बीएस्सीला जिओलॉजी घेतलेली पोरं, शाळेत सायन्सचा प्रोजेक्ट करून घेणारे सर-मॅडम, आणि घरची शेती असलेला कुणीही हे करू शकतो, लॅब नसली तरी निम्मं काम होतंय. खर्च म्हणाल तर एक हातोडा, भिंग, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, व्हिनेगरची बाटली, पीएचच्या पट्ट्या, पेनासारखं टीडीएस मीटर आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढं येईलच.

आधी, ही शाखा बसते कुठं

सिलॅबसमध्ये जिओलॉजीच्या शाखा एकाखाली एक लिहिलेल्या असतात. खनिजशास्त्र दगडातली खनिजं ओळखतं, पेट्रोलॉजी दगड कसा तयार झाला ते बघते, स्ट्रॅटिग्राफी कुठला थर आधीचा कुठला नंतरचा ते लावते, मग स्ट्रक्चरल, जीवाश्म, हायड्रोजिओलॉजी, इकॉनॉमिक जिओलॉजी वगैरे, आणि शेवटी कुठंतरी जिओफिजिक्सच्या शेजारी जिओकेमिस्ट्री, त्यामुळं पोरांना वाटतं ही शेवटची शाखा म्हणजे लॅबमधल्या मशीनवाल्यांची. माझं मत वेगळं आहे. ही शाखा बाकी सगळ्यांच्या आत शिरलेली आहे आणि तिचा प्रश्न एकच आहे: कुठलं मूलद्रव्य कुठं आहे, तिथं का आहे, आणि तिथनं निघून कुठं चाललंय. पेट्रोलॉजीवाल्याला हा प्रश्न लाव्ह्याबद्दल पडतो, हायड्रोजिओलॉजीवाल्याला पाण्याबद्दल, खाणवाल्याला बॉक्साइटबद्दल, म्हणजे ॲल्युमिनियम ज्यातनं काढतात त्या दगडाबद्दल.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या दारात आहे आणि बेळगावातल्या बऱ्याच जणांना ते माहितीच नसतं. खानापूर रोडला देसूर आहे, रेल्वे स्टेशन पण आहे तिथं. या देसूरच्या नावाचं एक फॉर्मेशन, म्हणजे थरांचा एक गट, डेक्कन ट्रॅपच्या अभ्यासात जगभर वापरतात. झालं असं की डेक्कन ट्रॅप म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक सांडलेले लाव्ह्याचे थर, आणि बघायला सगळे सारखेच काळे, जीवाश्म जवळजवळ नाहीत, मग नाशिककडचा थर आणि कोल्हापूरकडचा थर एकच का वेगळा हे सांगायचं कसं? १९८० च्या दशकात संशोधकांनी घाटाघाटातनं खालपासून वरपर्यंत नमुने काढले आणि त्यातलं टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, आणि स्ट्रॉन्शियमच्या दोन आयसोटोपचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण मोजून थर वेगळे केले. खालनं वर जायचं म्हटलं तर पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि सगळ्यात वर देसूर. म्हणजे थर लावायचं काम स्ट्रॅटिग्राफीचं, पण ते केलं केमिस्ट्रीनं. पुढच्या वेळी तिकडनं जाताना गाडीतल्यांना सांगा, कुणी विश्वास ठेवणार नाही.

इतिहास फार लांबवत नाही. जिओकेमिस्ट्री हे नाव १८३८ साली शोनबाइन नावाच्या केमिस्टनं वापरलं, १९०८ मध्ये अमेरिकेच्या क्लार्कनं पृथ्वीच्या कवचात काय किती आहे याचे आकडे एकत्र छापले, रशियात वर्नाडस्कीनं त्यात सजीवांचा भाग आणला, आणि नॉर्वेत काम केलेल्या गोल्डश्मिटनं मूलद्रव्यांचे स्वभाव शोधून काढले. परीक्षेत तो विचारतातच त्यामुळं त्याचं पुढं थोडं सांगतो.

लागणारी केमिस्ट्री एवढीच

कवचाचं वजन धरलं तर ऑक्सिजन ४६ टक्के, सिलिकॉन २८, ॲल्युमिनियम ८, लोह ५, मग कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. या आठांतच ९८ टक्क्यांच्या वर हिशोब संपतो. सोनं-तांबं-शिसं सगळं उरलेल्यात.

गोल्डश्मिटनं चार गट केले: दगडात म्हणजे सिलिकेटमध्ये (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या खनिजांत) रमणारी, गंधकाच्या मागं लागणारी, लोखंडाबरोबर जाणारी आणि हवेत राहणारी. याचा उपयोग काय तर लोखंडाबरोबर जाणारी इरिडियमसारखी मूलद्रव्यं पृथ्वी तयार होतानाच लोखंडाबरोबर गाभ्यात गेली, वरच्या कवचात ती नावापुरती, म्हणूनच १९८० मध्ये अल्वारेझ बापलेकाच्या टीमला मातीच्या एका पातळ थरात इरिडियम जास्त सापडलं तेव्हा ते म्हणाले हे वरनं आलंय, उल्केचं आहे. डायनासोरवाली गोष्ट ती. आणि त्याच काळाच्या आसपास आपल्याकडं लाव्हा सांडत होता, त्यामुळं डायनासोर नेमके कशानं गेले हे भांडण अजून मिटलेलं नाही.

पण शेतात फिरायला याहून जास्त कामाची एक गोष्ट आहे, कोण पळतं आणि कोण बसून राहतं. पाऊस दगडावर वर्षानुवर्षं पडला की सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातात, सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून होते ती) हळूहळू जाते, आणि ॲल्युमिनियम, लोह, टायटॅनियम जागा सोडत नाहीत. हे एक वाक्य पाठ झालं की आपला अख्खा जिल्हा समजतो, खरंच सांगतोय.

कणकुंबी ते अथणी: एक रविवार काढा

पुस्तक नंतर, आधी फिरा. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीपासनं सुरुवात करा आणि जांबोटी, बेळगाव, हुक्केरी करत अथणीपर्यंत या, दुचाकीवर गेलात तर एका दिवसात जीव जाईल, दोन भाग करा.

कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस धो धो. तिथं वर जांभा दिसतो, तांबडा, भोकाभोकाचा, घरांच्या भिंतींना लागतो तोच. पळणारे सगळे पळून गेल्यावर जे बसून राहिले त्यांचा हा दगड, म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम जिथं फारच साठलं तिथं बॉक्साइट झालं, शेजारच्या चंदगड-राधानगरीच्या सड्यांवरचं (डोंगरमाथ्याच्या सपाट जागांवरचं) बॉक्साइट ते हेच, आणि म्हणूनच बेळगावात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, काढायचा कारखाना आला. कारखान्यात ते कॉस्टिक सोड्यात विरघळवतात, ॲल्युमिनियम विरघळतं, लोह विरघळत नाही, ते तांबड्या गाळात उरतं. ही पद्धत बायर नावाच्या माणसानं १८८० च्या दशकात काढली. पावसानं लाखो वर्षांत सिलिका आणि बाकीच्यांना बाजूला काढलं, लोह आणि ॲल्युमिनियमला वेगळं करायचं राहिलेलं काम कारखान्यात होतंय, मला तरी यात लई मजा वाटते.

बेळगावला आलात की खडी क्रशरच्या खाणीत काळा बेसॉल्ट बघा, म्हणजे तोच लाव्हा थंड होऊन झालेला दगड. परवानगी घेऊन, आणि ब्लास्टिंगच्या वेळी नाही. ताज्या बेसॉल्टमध्ये सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, लोहाचं ऑक्साइड १२ ते १४, कॅल्शियमचं १० च्या घरात. भिंगातनं बघितलं की पांढुरक्या काड्यांसारखं प्लॅजिओक्लेज आणि मधी काळा पायरॉक्सिन, ही बेसॉल्टची दोन मुख्य खनिजं. कुठं कुठं पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात, झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ असलं काहीतरी, ते ओळखायची युक्ती पुढं दिली आहे.

पूर्वेला सरकाल तसा पाऊस कमी होतो आणि जमीन काळी होत जाते. खडक तोच बेसॉल्ट, पण इथं कॅल्शियम-मॅग्नेशियम पूर्ण धुऊन जायला पाणीच पुरत नाही, ते मातीत राहतात, त्यातनं फुगणारी चिकणमाती तयार होते, पावसात पाय रुतणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. कणकुंबीच्या मातीतली चिकणमाती बहुतेक केओलिनाइट जातीची, ती फुगत नाही. खडक एक असून पाऊस वेगळा म्हणून माती वेगळी. अथणी-रायबागकडं काळ्या मातीत पांढऱ्या गाठी सापडतात, ती चुनखडी, म्हणजे पाण्यातनं चाललेलं कॅल्शियम उन्हानं पाणी उडाल्यावर तिथंच थांबलेलं.

मधी गोकाकला वाट वाकडी करा. घटप्रभा जिथनं ५० मीटरच्या वर खाली पडते तो कडा बेसॉल्टचा नाही, कलादगी गटाचा क्वार्ट्झाइट-वालुकाश्म आहे, बेसॉल्टच्या कितीतरी आधीचा. जवळजवळ सगळी सिलिकाच. विरघळायला त्यात काही नाही म्हणून कडा टिकलाय, आणि म्हणूनच त्याच्यावरची माती पातळ आणि हलकी. तसंच पुढं यादवाडकडं गेलात तर चुन्याचा दगड लागतो आणि तिथं सिमेंटचा कारखाना आहे. एवढ्याशा अंतरात केमिस्ट्री एवढी बदलते.

जिल्ह्याच्या आग्नेय अंगाला, बैलहोंगलच्या बाजूला, बेसॉल्टची चादर संपत जाते आणि खालचे जुने नाईस आणि शिस्ट (उष्णता-दाबानं बदललेले खडक) वर येतात. पाण्याच्या बाबतीत ही सीमा लक्षात ठेवा.

घरातल्या टेस्ट

सगळ्यात आधी व्हिनेगर. दगडावर किंवा मातीतल्या गाठीवर दोन थेंब टाका, बुडबुडे आले तर कॅल्साइट किंवा चुनखडी. आधी थोडी पूड केली तर जास्त स्पष्ट दिसतंय. बेसॉल्टच्या पोकळीतला पांढरा स्फटिक फसफसला तर कॅल्साइट, नाही फसफसला आणि काचेवर ओरखडा काढला तर क्वार्ट्झ, दोन्ही नाही तर बहुतेक झिओलाइट. लॅबमध्ये यासाठी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात, घरात बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरू नका, व्हिनेगर पुरतंय.

मग लोहचुंबक. त्याला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि मार्कंडेयच्या काठच्या वाळूत फिरवा, काळे कण चिकटतील, ते मॅग्नेटाइट, आपल्याकडं त्यात टायटॅनियम पण असतं. पिशवी उलटी केली की कण सुटतात, पिशवी न लावता केलंत तर चुंबक साफ करत बसाल.

न चकाकणाऱ्या टाइलच्या मागच्या बाजूवर जांभ्याचा तुकडा घासा. तांबडी रेघ आली तर हेमॅटाइट, पिवळट-तपकिरी आली तर गोएथाइट. दोन्ही लोहाचीच, एकात पाणी नाही आणि दुसऱ्यात आहे.

बोअरचं पाणी काढताना स्वच्छ आणि तासाभरानं ग्लासात पिवळसर-केशरी होत असेल तर त्यात लोह आहे. जमिनीखाली ऑक्सिजन नसताना लोह विरघळलेल्या रूपात असतं, हवा लागली की गंजून खाली बसतं. भांड्याला काळे डाग पडत असतील तर मँगनीजचा संशय घ्या. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, हे सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियमचं काम, आणि त्या थरावर व्हिनेगर टाकलं तर फसफसतोच.

शेतकऱ्यांसाठी एक फार भारी टेस्ट आहे. वाळलेलं ढेकूळ, सुपारीएवढं, पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ नुसतं विरघळून खाली बसलं तर ठीक, पण भोवती दुधासारखा ढग तयार झाला आणि काही तासांनी पण तसाच राहिला तर मातीत सोडियम जास्त आहे, चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, व्हायला लागली आहे. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात, पाट पाणी भरपूर आणि निचरा नाही, अशा ठिकाणी हे करून बघाच. असल्या जमिनीत जिप्सम टाकतात त्याचं कारण शुद्ध जिओकेमिस्ट्री आहे, जिप्सममधलं कॅल्शियम चिकणमातीवरच्या सोडियमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली जातं. पण खाली जायला वाट पाहिजे. चर न काढता नुसतं जिप्सम टाकत राहिलात तर सोडियम तिथंच फिरत राहणार आणि पैसे गेले.

नमुना घ्यायचा कसा

इथं बहुतेकांचं काम बिघडतं, कारण चुकीचा नमुना कितीही भारी मशीनमध्ये घातला तरी आकडा चुकीचाच येणार. शेतात बांधाकडंला खड्डा खणत बसलात की येणारा-जाणारा मामा विचारणारच, "काय करूलालास रे, सोनं हुडकूलालास काय?" त्याला समजावून सांगा, पुढच्या वेळी तोच मातीची पिशवी घेऊन येईल.

माती घेताना शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटरचा खड्डा काढायचा आणि कडेची एकसारखी चकती घ्यायची. बांध, विहीर, झाडाखाली, उकिरड्याची जागा, नुकतं खत टाकलेली सरी, हे सगळं सोडा. माती प्लास्टिकच्या बादलीत गोळा करा, जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत नको, नाहीतर रिपोर्टमध्ये जस्त जास्त येईल आणि ते बादलीचं असेल. खताच्या रिकाम्या पोत्यात तर मुळीच नको. मग ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची, सावलीत वाळवायची. काळी आणि तांबडी एकाच शेतात असेल तर दोन वेगळे नमुने, मिसळायचं नाही.

पाणी घेताना बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, पाइपात थांबलेलं पाणी जाऊ दे. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, गच्च भरा, आत हवा नको. पाण्याचा पीएच जागेवरच पट्टीनं बघून वहीत लिहा, कारण आत विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की लॅबला पोचेपर्यंत तो बदललेला असतो. धातू तपासायचे असतील तर लॅबकडनं नायट्रिक ॲसिड घातलेली वेगळी बाटली मागून घ्या, नाहीतर लोह बाटलीच्या बुडाला बसतं आणि रिपोर्टमध्ये कमी दिसतं. नायट्रेटसाठी पाणी बर्फाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवा. जंतूंसाठीची बाटली वेगळीच, निर्जंतुक केलेली. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, असं दोनदा घेतलं तरच अर्थ लागतो.

दगड घेताना वरची गंजलेली साल फोडून आतला ताजा काळा भाग घ्यायचा, डोळ्याला गॉगल लावून. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, तिथं दगड-माती काही उचलायचं नाही, बघा आणि फोटो काढा.

आणि वही. तारीख, मोबाइलमधलं लोकेशन, किती खोलीवर, आजूबाजूला कुठला खडक दिसतोय, शेजारी गोठा किंवा संडासाचा खड्डा किती अंतरावर, बोअर किती फूट आणि खोदताना मुरूम किती फुटावर लागला. हे शेवटचं बोअर मारणाऱ्याला विचारलं की तो लगेच सांगतो, त्यांच्या डोक्यात आख्ख्या तालुक्याचा नकाशा असतो.

रिपोर्ट वाचायला बसा

आधी बघायचं की रिपोर्टवर विश्वास ठेवायचा का. पाण्यात धन भार आणि ऋण भार सारखे असायलाच पाहिजेत, म्हणून प्रत्येक आकड्याला ठरलेल्या संख्येनं भागायचं: कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२.२, सोडियमला २३, पोटॅशियमला ३९; तिकडं बायकार्बोनेटला ६१, क्लोराइडला ३५.५, सल्फेटला ४८, नायट्रेटला ६२.

समजा एका विहिरीचा रिपोर्ट असा आहे, लिटरला मिलिग्रॅममध्ये: कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ३६.५, सोडियम ४६, पोटॅशियम नगण्य, बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड ७१, सल्फेट २४, नायट्रेट ३१. भागून आलं ३, ३ आणि २, बेरीज ८. दुसरीकडं ५, २, अर्धा आणि अर्धा, बेरीज ८. जुळलं. मी मुद्दाम सोपे आकडे घेतलेत म्हणून तंतोतंत जुळलं, खऱ्या रिपोर्टात पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, दहाच्या वर गेला तर लॅबला फोन करा आणि परत तपासायला सांगा, लाजू नका.

आता अर्थ. कॅल्शियम-मॅग्नेशियम बरोबरीत आणि समोर बायकार्बोनेट सगळ्यात जास्त, म्हणजे पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसॉल्टमध्ये मुरलंय, प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन खात आलंय. बेसॉल्टच्या विहिरीचं हे नेहमीचं रूप. कठीणपणा काढायचा तर कॅल्शियमला २.५ नं आणि मॅग्नेशियमला ४.१ नं गुणून बेरीज, इथं १५० आणि १५०, झाले ३००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत बरं, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतंय. नायट्रेट ३१ आलंय, मर्यादा ४५ आहे त्यामुळं पास, पण बेसॉल्टमध्ये नायट्रेट नसतं. हे वरनं आलंय, युरिया किंवा गोठा किंवा संडासाचा खड्डा. वहीत अंतर लिहिलं असेल तर इथं ते कामाला येतं. नायट्रेटबरोबर क्लोराइड पण शेजारच्या विहिरींपेक्षा चढलेलं असेल तर मी आधी खड्ड्याकडं बघीन. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं, हे घरातल्यांना सांगून ठेवा.

उसाला हेच पाणी द्यायचं असेल तर बायकार्बोनेटमधनं कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करा, भागलेल्या आकड्यांत. इथं ५ वजा ६, उणे १, निर्धास्त द्या. सव्वाच्या वर जायला लागलं तर सावध, अडीचच्या वर गेलं तर ते पाणी हळूहळू जमीन चोपण करणार.

फ्लोराइडची मर्यादा १, जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅम. बेसॉल्टच्या भागात सहसा त्रास कमी, पण नाईस-ग्रॅनाइटच्या भागातल्या खोल बोअरमध्ये ते तपासल्याशिवाय पिऊ नका. तिथं बायोटाइट, ॲपेटाइट असल्या खनिजांत फ्लोराइड असतं आणि पाण्यात कॅल्शियम कमी, पीएच जास्त असेल तर ते सुटत राहतं, कॅल्शियम भरपूर असतं तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं. म्हणजे ज्या जड पाण्याला आपण शिव्या देतो त्याचा इथं फायदा आहे. ग्रामपंचायतीत जलजीवन मिशनचं टेस्ट किट असतंय, त्यात फ्लोराइड, नायट्रेट, लोह बघता येतं, मागा.

मातीचं कार्ड, २०१५ पासनं मिळतंय ते सॉइल हेल्थ कार्ड, त्यात बारा गोष्टी असतात. कार्ड कन्नडमध्ये छापून आलं आणि वाचता येत नसेल तर अडू नका, क्रम ठरलेला असतो आणि रयत संपर्क केंद्रात विचारलं की सांगतात. त्यात एक गंमत बऱ्याच जणांना कळत नाही. बेसॉल्टमध्ये एवढं लोह, मग आमच्या काळ्या मातीत लोहाची कमतरता कशी काय, उसावर केवडा का पडतो, पानं पिवळी-पांढरी का होतात? कारण कार्डावरचं लोह हे पिकाला मिळणारं लोह आहे, ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत साडेचार भाग) खाली गेलं की कमी समजतात. जमिनीत एकूण लोह टक्क्यात असतंय, पण पीएच ८ च्या वर आणि चुनखडी असली की ते गंजाच्या रूपात घट्ट बसतं, मुळाला मिळत नाही. म्हणून हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, पानावर फवारतात. जिओकेमिस्ट्रीत कुठलाही आकडा बघताना हा प्रश्न आधी विचारायचा, एकूण का मिळणारं.

सरकारी डेटा फुकट आहे

जिऑलॉजिकल सर्व्हेनं देशभर ओढ्यांच्या गाळाचे नमुने घेऊन नकाशे करायचं काम २००१ पासनं चालवलंय. दर एक चौरस किलोमीटरला नमुना, चार एकत्र करून एक विश्लेषण, साठच्या वर मूलद्रव्यं. गाळच का, तर ओढा वरच्या सगळ्या पाणलोटाचा माल एका जागी आणून देतो. त्यांच्या भूकोश पोर्टलवर खात्याचे नकाशे मिळतात, बेळगाव-खानापूरसाठी ४८ आय, चिकोडी-निपाणी-गोकाकसाठी ४७ एल आणि अथणीसाठी ४७ पी या टोपोशीट (सर्व्हेच्या नकाशांचे नंबर) शोधा, आणि आधी साधा खडकांचा नकाशा उघडा, केमिस्ट्रीचा नंतर.

तो क्रम उलटा केला की काय होतं सांगतो. निपाणीच्या बाजूच्या एखाद्या नमुन्यात तांबं शंभर-दोनशे पीपीएम दिसलं की पोरं नाचायला लागतात, खाण सापडली म्हणून, नाहीतर प्रदूषण म्हणून ओरड. डेक्कन बेसॉल्टमध्ये तांबं तेवढं असतंच. व्हॅनेडियम, क्रोमियम, निकेल पण ग्रॅनाइटच्या मानानं जास्तच. हाच तांब्याचा आकडा गोकाकच्या क्वार्ट्झाइटवरच्या ओढ्यात आला तर मात्र मी तिथं परत जाईन, वरच्या अंगाला बेसॉल्ट आहे का ते बघीन, आणि तो नसला तर त्या ओढ्यानं वर वर जात फाट्याफाट्यावर नमुने घेईन, जोपर्यंत आकडा अचानक पडत नाही तोपर्यंत. जिथं पडला त्याच्या जरा खालीच कुठंतरी माल आहे. तिथं पोचलात की मग दगड फोडून धारवाडला विद्यापीठाच्या जिओलॉजी डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारा, एक्सआरएफ (एक्स-रे मारून दगडातली मूलद्रव्यं मोजायची तपासणी) करून मिळेल का, आणि जाताना वही घेऊन जा, तिथले सर पहिला प्रश्न नमुना कुठल्या खडकातला हाच विचारतील.